तीन घरचा पाहुणा

दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्यानं ती केली त्याला दोनच घरं माहीत होती. तीन घरचा पाहुणा काय करतो, हे त्याला कुणी विचारलं नसावं. मला विचारा. तो पाहुणा गेली दोन-अडीच वर्षं माझ्या टेबलावर मुक्कामाला आहे. रंगानं काळा, अंगावर शंभराच्या वर बटणं, त्यांतली 'ए' आणि 'एस' ही अक्षरं झिजून कोरी झालेली. उजव्या बाजूला त्याचा माऊस, शेपटीसकट. ह्या दोघांची तीन संगणकांशी सोयरीक आहे आणि ते एका वेळी एकाच घरी नांदतात.

मी बँकेत कारकून आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची शाखा आहे. गावाचं नाव सांगत नाही आणि बँकेचं तर मुळीच नाही, कारण आमचे साहेब वाचतात. (वाचतात ते मुख्यत्वे वरून आलेली परिपत्रकं, पण एखाद्या रविवारी माणूस घसरतो.)

मी शाखेत रुजू झालो तेव्हा काउंटरवर तीन खुर्च्या होत्या आणि तिन्हींवर माणसं होती. पहिल्या खुर्चीवर मी. दुसऱ्या खुर्चीवर आमच्या ताई; त्या फॉर्मकडे न बघता फॉर्ममधली चूक सांगत. तिसऱ्या खुर्चीवर पासबुकवाले काका. काकांचा आणि पासबुक छापायच्या यंत्राचा संसार जुना होता. ते यंत्र काकांशिवाय कुणाचं ऐकत नसे. काका त्याला आधी एक चापट मारीत, मग 'चल रे' म्हणत, मग ते चाले.

काका निवृत्त झाले. त्यांच्या निरोप समारंभाला साहेब म्हणाले, "ह्यांची जागा कुणी भरून काढू शकणार नाही." आम्हाला वाटलं, रीतीनं म्हणताहेत. ते धोरण होतं हे नंतर समजलं. पुढच्या वर्षी ताईंची बदली झाली आणि साहेबांनी तेच वाक्य परत म्हटलं. खुर्च्या दोन मोकळ्या झाल्या, पण संगणक मात्र तिन्ही जागच्या जागी राहिले. संगणकांना निवृत्तीचं वय नसतं.

आता कुणी म्हणेल, एका माणसाला तीन संगणक कशाला? एकावरच सगळं का होत नाही? हा प्रश्न मीही विचारला होता. उत्तर असं की पहिल्या संगणकावर खात्यांचा व्यवहार चालतो, आणि त्याला बाहेरच्या इंटरनेटचं वारंसुद्धा लागू द्यायचं नाही, असा सुरक्षिततेचा दंडक आहे. तो सोवळ्यातला. दुसऱ्यावर इंटरनेट आहे. सरकारी योजनांची संकेतस्थळं, ई-मेल, सगळा खरकटा पसारा तिथं. तिसरा काकांचा. त्याला जोडलेला पासबुकाचा प्रिंटर इतका म्हातारा आहे की नव्या संगणकाची भाषा त्याला येत नाही. तेव्हा एक सोवळा, एक ओवळा आणि एक बहिरा, असं हे त्रिकूट.

सुरुवातीचे काही महिने मी चाकाच्या खुर्चीवरून तिघांमध्ये येरझारा घातल्या. फरशी खडबडीत असल्यामुळे दोन नंबरकडे जाताना खुर्ची उजवीकडे वळे आणि मी साहेबांच्या केबिनच्या दारात पोचे. मग शेवटी परभणीहून आमचा संगणकवाला इंजिनिअर आला. त्यानं तिन्ही पडदे माझ्या टेबलावर अर्धवर्तुळात मांडले, तीन कीबोर्डांतले दोन उचलून कपाटात टाकले आणि खिशातून काड्यापेटीच्या दीडपट एक डबी काढली. डबीवर एक बटण आणि तीन बारीक दिवे.

"जगात जर्मनी, भारतात परभणी, साहेब! आता बसल्या जागी राज्य करा."

मी डबी उलटी करून पाहिली. ती ना जर्मनीची होती ना परभणीची. चीनची होती.

ह्या डबीचं शास्त्र सोपं आहे. कीबोर्ड आणि माऊस यांच्या वायरी डबीच्या एका बाजूला खुपसायच्या आणि दुसऱ्या बाजूनं तीन वायरी तीन संगणकांना न्यायच्या. बटण दाबलं की आतला सांधा एका वायरीवरून दुसऱ्या वायरीवर जातो. आपल्या घरात फेज बदलायचा खटका असतो ना, एका फेजची लाईट गेली की दुसऱ्यावर घ्यायचा, तसाच. आमच्या भागात लहान पोरालाही तो खटका कळतो. फरक एवढाच की विजेचा खटका फिरवला की पंखा तरी लगेच फिरतो. इथं बटण दाबल्यावर नव्या संगणकाला 'हा कोण आला' हे ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात. ओळख पटली की तो 'टुडुंग' करतो, आणि ज्याच्याकडून पाहुणा उठला तो 'डुडुंग' करतो. दिवसाकाठी हे टुडुंग-डुडुंग दोनशे वेळा तरी होतं. रात्री झोपेत मी कूस बदलली की आपोआप तोंडानं 'टुडुंग' म्हणतो, असं आमच्या घरच्यांचं म्हणणं आहे.

याच्यापेक्षा भारी डब्याही मिळतात म्हणे. त्यांत पडदासुद्धा एकच ठेवायचा. बटणाबरोबर पडदाही बदलतो. इंग्रजीत कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस यांची आद्याक्षरं घेऊन त्याला केव्हीएम म्हणतात. काहींत बटणही नसतं. 'स्क्रोल लॉक' नावाची कळ दोनदा दाबायची. ही कळ मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पाहत आलोय आणि ती कशासाठी आहे हे मला एकाही माणसानं सांगितलेलं नाही. तिला अखेर पोटापाण्याचा धंदा मिळाला हे ऐकून बरं वाटलं. आमच्या इंजिनिअरनं आम्हाला साधी डबी दिली, कारण साध्या डबीचं बिल साहेबांच्या अधिकारात बसत होतं.

ही कल्पना मुळात निघाली मोठमोठ्या सर्व्हरच्या खोल्यांसाठी. तिथं कपाटात एकावर एक यंत्रं रचलेली असतात, त्यांच्यापुढे माणूस बसायचा नसतोच. कधी काही बिघडलं तर एकानं यावं, एका कीबोर्डावरून सगळ्यांची नाडी बघावी आणि निघून जावं. म्हणजे बघा, ज्या यंत्रांपुढे माणूस नव्हताच त्यांच्यासाठी ही सोय झाली. आमच्याकडे ज्या यंत्रांपुढे माणसं होती, ती उठल्यावर तीच डबी लावली.

मला यात आणखी एक गंमत वाटते. मी परभणीला बी.कॉम. करत असताना टायपिंगच्या क्लासला जात होतो. सरकारी परीक्षा असे, आधी तीस शब्दांची, मग चाळीस शब्दांची. क्लासात यंत्रं बारा आणि पोरं साठ. तासाची बॅच. सहा वाजताचा उठला की सातचा त्याच स्टुलावर टेकायचा. माझ्या आधीच्या बॅचला माझ्या यंत्रावर एक मुलगी बसे. ती उठून गेल्यावर मी कळांवर बोटं ठेवली की त्या मला उबदार लागत. पुष्कळ दिवस मी त्या उबेचा वेगळा अर्थ लावला. ती परभणीच्या मे महिन्याची ऊब होती हे पावसाळा लागल्यावर कळलं. सांगायचं ते हे की तेव्हा यंत्र एक आणि माणसं पाच. आता माणूस एक आणि यंत्रं तीन. मधल्या काळात हिशोबात काहीतरी उलटं झालं, आणि मी वाणिज्य शाखेचा असूनही ते माझ्या लक्षात आलं नाही.

बरं, ज्यानं हा माऊस काढला त्या डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत हजारेक लोकांसमोर तो फिरवून दाखवला. पहिला माऊस लाकडाचा होता. पेटंट झालं ते ते जिथं काम करीत त्या संस्थेच्या मालकीचं, आणि एंगलबार्टना त्यावर रॉयल्टी म्हणून काहीही मिळालं नाही. हे वाचल्यापासून त्यांच्याबद्दल मला भाऊबंदासारखं वाटतं. शोध माणसाचा आणि पैसा संस्थेचा, म्हणजे गृहस्थ मनानं बँकेचेच कर्मचारी.

सकाळी तिन्ही यंत्रं सुरू करणं हा एक वेगळाच विधी आहे. पाहुणा एक नंबरकडे असतो, दोन नंबर समजूतदार आहे, पण तीन नंबर हट्टी. जागा होताना त्याला कीबोर्ड दिसला नाही की तो काळ्या पडद्यावर लिहितो : 'कीबोर्ड सापडत नाही. पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.' हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या खात्याच्या पत्रव्यवहाराची आठवण झाली. 'आपले पत्र मिळाले नाही, तरी त्याला दिलेले उत्तर पाहावे', अशा चालीची.

आणि बटण एकच असल्यामुळे क्रम ठरलेला. एकनंतर दोन, दोननंतर तीन, तीननंतर पुन्हा एक. दोनवरून एकवर परतायचं तर तीनच्या अंगणातून जावं लागतं. म्हणजे बटण दोनदा दाबायचं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण माझ्याकडून ते एकदा राहिलं.

ऑगस्ट २०२४. लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते जमा व्हायला लागले होते, दोन महिन्यांचे मिळून तीन हजार. शाखेत पाय ठेवायला जागा नाही. दारापासून बाहेरच्या लिंबाच्या झाडापर्यंत बायका. कुणाचं आधार जोडलेलं नाही, कुणाचं जोडलंय पण दुसऱ्याच बँकेला, कुणाचा अंगठा उमटत नाही. मी दोन नंबरवर होतो. त्या गर्दीत एक आजी वाट काढत आल्या. त्या पासष्टच्या पुढच्या, म्हणजे लाडक्या बहिणीत बसत नव्हत्या. त्यांचं श्रावणबाळचं मानधन, महिन्याचे दीड हजार. दर महिन्याला त्या पासबुक छापून घ्यायला येतात. वाचता येत नाही, पण ओळी मोजतात. नवी ओळ उमटली म्हणजे पैसा आला.

"छापून दे रे लेकरा. लई येळ झाला उभी हाय."

मी त्यांचं पासबुक प्रिंटरमध्ये सरकवलं. तेवढ्यात एका शेतकरी दादांनी खिडकीतून चिठ्ठी आत ढकलली. त्यांना खात्यावर शिल्लक किती आहे तेवढं पाहिजे होतं. मी म्हटलं, आधी ह्यांचं पाहू. बटण दाबलं. एकदाच. नजर एक नंबरच्या पडद्यावर, आणि दादांचा खाते क्रमांक टाकून एंटर मारला. पडद्यावर काहीच हललं नाही. सर्व्हर स्लो आहे, असं समजलो. आमच्याकडे हे समजणं सवयीचं आहे. पुन्हा टाकला, पुन्हा एंटर. तिकडे तीन नंबरचा प्रिंटर 'कर्रर्र कर्रर्र' करत कामाला लागला. मला उलट समाधान वाटलं, काकांच्या यंत्रानं चापट न खाता काम केलं. पासबुक काढलं, न बघता आजींना दिलं. त्यांनी बोटानं ओळी मोजल्या. नवी ओळ एकऐवजी आठ. त्या माझ्याकडे पाहून हसल्या, आणि मीही हसलो. मला वाटलं, त्या गर्दीतून सुटल्या म्हणून हसल्या.

त्या आठ ओळी शेतकरी दादांच्या खात्याच्या होत्या. शेवटची शिल्लक दोन लाख चौदा हजार सहाशे.

आजींच्या नातवानं घरी ते वाचलं. नातू दहावीला, मराठी-इंग्रजी दोन्ही वाचणारा. त्यानं शिल्लक वाचली, आणि त्या वरची एक ओळसुद्धा वाचली. तीत कापसाचे पैसे ज्या जिनिंगवाल्याकडून आले त्याचं नाव होतं. संध्याकाळपर्यंत गावात आजींचे दोन लाख झाले. रात्री पारावर कुणीतरी शंका काढली, की म्हातारीला गुंठाभर रान नाही, तिनं कापूस विकला कधी? मानवतच्या बाजारात त्या जिनिंगला माल घालणारं गावात एकच घर. झालं. दादांची शिल्लक, पैशासकट, पारावर.

आता दादांचं दुःख असं. तिघा भावांच्या वाटण्या झालेल्या, पण विहीर एकच आणि तिच्यावर मोटारही एकच. पाण्याला पाळी लावलेली. मोठ्याचे दोन दिवस, मधल्याचे दोन, धाकट्याचे दोन. पाळी बदलली की वाल फिरवायचा आणि पाणी दुसऱ्याच्या रानात सोडायचं. उन्हाळ्यात मोटार जळाली. तिची वाइंडिंग भरायला आणि नवी केबल घ्यायला तिघांनी पैसे घालायचे ठरलं, तेव्हा दादा म्हणाले, "औंदा माझा हात मोकळा नाही." धाकट्यानं व्याजानं पैसे काढून मोटार भरून आणली. आणि ऑगस्टमध्ये हा हात किती मोकळा होता ते आजींच्या पासबुकानं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी दादा शाखेत आले. तेव्हा मी एक नंबरपुढे होतो.

"कामून छापलं माझं खातं म्हातारीच्या पुस्तकात?"

मी खटका, डबी, दिवा, सगळं समजावून सांगायला लागलो. त्यांनी हात जोडले.

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. मी दुसऱ्या काउंटरला जातो."

ते तरातरा दुसऱ्या काउंटरला गेले. मी खुर्ची सरकवली. तिथंही मीच होतो.

साहेबांनी रीतसर मेमो दिला. 'ग्राहकाच्या खात्याची गोपनीयता भंग झाल्याबाबत आपले स्पष्टीकरण तीन दिवसांत सादर करावे.' मी साडेतीन पानं लिहिली. त्यांत डबीचा नकाशा काढला. बटण एकदा आणि दोनदा दाबल्याचे परिणाम तक्त्यात मांडले. शेवटच्या परिच्छेदात, पूर्वी याच कामाला तीन माणसं होती, हे नम्रपणे नमूद केलं. साहेबांनी सगळं वाचलं, शेवटच्या परिच्छेदावर बारीक रेघ मारली आणि म्हणाले, "हे विषयाला धरून नाही."

विनोद इथपर्यंत ठीक होता. चौथ्या दिवशी आजी आल्या. नेसूचं लुगडं धुतलेलं, बरोबर नातू. त्यांनी पासबुक पुढे सरकवलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाबा, पत्र्याचं घर हाय. गळायलंय. पंधरा-वीस हजार काढून देशील का? बाकीचे राहू दे तुझ्याकडंच."

मी त्यांना आत बोलावून खुर्चीवर बसवलं. काकांच्या खुर्चीवर. सांगायला सुरुवात कुठून करावी हे मला कळेना. साडेतीन पानांचं स्पष्टीकरण लिहिणारा माणूस मी, पण त्यातलं एक वाक्य इथं चालण्यासारखं नव्हतं. शेवटी सरळ सांगितलं, की आजी, ह्या ओळी तुमच्या नाहीत. माझ्या हातून दुसऱ्याच्या उमटल्या.

"मग माझे किती हाईत?"

"सतराशे बारा."

नातू खाली बघायला लागला. आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलंच व्हतं. येवढं कुठून येतंय? पर हा म्हणला, लिवलेलं हाय. लिवलेलं खोटं कसं असंल?"

वीस वर्षं मी लिहिण्याचाच पगार घेतो. त्या दिवशी तिन्ही पडद्यांवर काय चाललं होतं, मला आठवत नाही.

"तवा तू माझ्याकडं बघून हासला," त्या म्हणाल्या, "पर तुझं ध्यान दुसरीकडंच व्हतं."

हे वाक्य मी घरीही ऐकलेलं आहे. आमची ही भाजीचे दर सांगत असते, मुलगी शाळेतलं काही सांगत असते, मी दोघींकडे बघून मान हलवत असतो, आणि दिवा भलत्याच घरी लागलेला असतो. पण घरी निदान तिसऱ्याचं पासबुक छापलं जात नाही.

नवं पासबुक द्यायला नियमाप्रमाणे शंभर रुपये, वर अठरा टक्के जीएसटी. चूक बँकेची असली तर शुल्क माफ करता येतं, पण त्यासाठी एक अर्ज आणि वरची मंजुरी लागते. मी एकशे अठरा रुपये खिशातून भरले. दादांच्या आठ ओळींचं पान कापून स्पष्टीकरणाला जोडलं, कारण ते बाहेर जाऊ देणं म्हणजे गोपनीयतेचा दुसरा भंग झाला असता. उरलेलं जुनं पासबुक आजींनी मागून घेतलं. घरी जाऊन मोजलं असावं, पुढच्या महिन्यात आल्या तेव्हा म्हणाल्या, "त्यातलं एक पान कमी हाय."

पत्र्याचं काय झालं हे मी मुद्दाम विचारलं नाही. नातवानंच सांगितलं, की गावातल्या एकानं जुने चार पत्रे दिले आणि गळायचं थांबलं. कुणी दिले ते त्यानं सांगितलं तेव्हा मी खुर्चीवरून पडायचाच बाकी होतो. शेतकरी दादांनी. आता गावभर कळलंच आहे तर पैसा असल्यासारखं वागावं, असं त्यांच्या मनानं घेतलं असेल, किंवा त्यांना म्हातारीची कीव आली असेल. मोटारीचा वाटाही त्यांनी धाकट्याला चुकता केला. माझ्याशी मात्र ते अजून बोलत नाहीत. स्लिप आत सरकवतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे राहतात. धाकटा भाऊ जानेवारीत हरभऱ्याच्या ढाळ्यांचा मोठा पेंडका घेऊन आला. "तुमच्यामुळं मोटारीचे पैसे फिटले," म्हणाला. मी तो साहेबांच्या देखत घेतला नाही. शिपाईमामांनी मागच्या दारानं घेतला.

डबी अजून तीच आहे. मी तिन्ही दिव्यांच्या शेजारी रंगीत टेप चिकटवल्या आहेत आणि त्याच रंगाच्या तीन पडद्यांनाही. एकला लाल, दोनला हिरवी, तीनला पिवळी. इंजिनिअर म्हणतो, नवीन प्रकार आलाय; माऊस एका पडद्याच्या कडेवरून ढकलला की आपोआप पलीकडच्या संगणकावर उतरतो, बटण नाही न् काही नाही. मी त्याला हात जोडले. आमच्या एक नंबरला सोवळं आहे, त्याच्या अंगणातून कुणी असं उडी मारून जाणं चालायचं नाही.

आजी दर महिन्याला येतात. पासबुक एकदम देत नाहीत. आधी काउंटरच्या काचेला नाक लावून डबीकडे बघतात.

"लाईट कोणता लागलाय?"

"पिवळा, आजी."

"माझाच का तो?"

"तुमचाच."

"मग घे," म्हणतात आणि पासबुक आत सरकवतात.